पहिली धार

बसमध्ये माझ्या दोन पायांच्या मध्ये एक पिशवी होती. साडीच्या दुकानातली, जाड कापडाची. पिशवीत पाच लिटरचा पांढरट प्लास्टिकचा डबा आणि डब्यात बाबांची चोवीस तासांची लघवी. एप्रिलातला शुक्रवार, म्हापशाच्या बाजाराचा दिवस. आगरवाड्याहून सुटलेली बस चोपड्याला पोचेस्तोवर गच्च भरली होती. बाबा खिडकीशी, मी त्यांच्या शेजारी आणि माझ्या खांद्यावर जवळजवळ ओणवा झालेला एक पन्नाशीचा माणूस. त्याच्या शर्टाला पिकून फुटलेल्या काजूच्या बोंडांचा आंबूस वास. पुलाच्या तोंडाशी बस उसळली आणि डब्यातलं पाणी डचमळलं. तो आवाज त्याच्या ओळखीचा असावा. त्यानं खाली पाहिलं, पिशवीतून डोकावणारं निळं झाकण पाहिलं आणि चेहऱ्यावर असं काही हसू आलं की दूरचा नातेवाईकच भेटला. "हुर्राक?"

काजूच्या दिवसांत गोव्यात माणूस डब्यातून काजूच्या दारूशिवाय दुसरं काय नेणार?

मी म्हणालो, "होय." "खंयची?" त्यानं विचारलं. "घरची," मी म्हणालो. हे मात्र खोटं नव्हतं. "घरची? मग पयल्या धारेचीच आसतली," असं म्हणून त्यानं मोठ्या आदरानं आपला पाय मागे घेतला, चुकून लाथ लागू नये म्हणून. बाबा खिडकीतून शापोरा नदी बघत होते. ओहोटी होती, काठचा काळा चिखल उघडा पडला होता. त्यांनी मान वळवली नाही. पण बेचाळीस वर्षं वर्गात मागच्या बाकावरची कुजबुज टिपलेला तो कान माझ्या बाजूला होता.

उतरल्यावरही ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

ह्या सगळ्याची सुरुवात एका बटणापासून झाली. आमच्या घरात न्हाणीघराच्या दिव्याचं बटण जुनं आहे, काळं, गोल. दाबलं की टक् करून अख्ख्या घराला कळवतं. गेल्या पावसाळ्यापासून ते टक् रात्री दोनदा, मग तीनदा, मग चारदा ऐकू यायला लागलं. वयोमान, असं आम्ही सगळे म्हणालो. ते काही अगदी चूक नव्हतं. तरुणपणी मेंदू रात्री किडनीला एक निरोप पाठवतो, की आता पाणी राखून वापर, घरातली माणसं झोपली आहेत. वय झालं की तो निरोप क्षीण होतो. दिवसभर पायांत उतरून साचलेलं पाणीही आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि वाट शोधतं. पुरुषांच्या बाबतीत प्रोस्टेट वाढून मूत्राशयाच्या तोंडाशी ठाण मांडते ते वेगळंच. पण बाबांनी एक दिवस चहा पिता पिता सहज सांगितलं, की हल्ली फेस फार येतो, आणि जातही नाही लवकर. बांधाच्या दाराखाली, मानशीखाली, पाणी सुटताना येतो तसा. आई म्हणाली, "सकाळी सकाळी काय हे!" विषय तिथंच मिटला आणि त्यात आणखी दोन महिने गेले.

फेस म्हणजे प्रथिन. रक्तातलं अल्ब्युमिन किडनीच्या चाळणीतून निसटून लघवीत उतरलं की असा टिकणारा फेस येतो. वीस वर्षांचं ब्लडप्रेशर आणि गुडघ्यांसाठी दुकानातून परस्पर आणून खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्या, दोघांनी मिळून ती चाळणी सैल केली होती. रक्तातलं क्रिएटिनिन, किडनी थकली की वाढणारा आकडा, १.८ आलं. डॉक्टर म्हणाले, नेमकं किती प्रथिन जातंय ते पाहू, एकदा चोवीस तासांची करून घ्या. लॅबमधल्या मुलीनं डबा दिला आणि नियम सांगितला: सकाळी उठल्यावरची पहिली टाकून द्यायची, वेळ लिहून ठेवायची, आणि तिथून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची एकूण एक ह्या डब्यात. एकही चुकवायची नाही. डबा थंड ठेवायचा.

थंड ठेवायचा म्हणजे फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये सोलकढी होती, नैवेद्याचं दूध होतं, आणि आई होती. म्हणजे आई फ्रिजच्या दारात हात पसरून उभी होती. शेवटी मी मासळीवालीकडून बर्फ आणला, तिचाच एक तुटका थर्माकोलचा खोका मागून घेतला आणि न्हाणीघरात तांब्याच्या हंड्यामागे डब्याची सोय केली. दिवसभर न्हाणीघराला बांगड्याचा वास येत होता. बाबांनी मात्र ह्या कामात नोकरीतला जुना हुरूप दाखवला. शाळेच्या उरलेल्या वहीला रेघा मारल्या, वर लाल शाईत 'लघुशंका' असं शीर्षक घातलं, आणि खाली टाकानं लिहिल्यासारख्या अक्षरात नोंदी: ६ वा. १० मि., विसर्जित. ८ वा. ४५ मि., संकलित. ११ वा. २० मि., संकलित. ही वही पुढं लॅबमधल्या मुलीला त्यांनी दाखवली तेव्हा तिला काय करावं ते कळेना. तिनं फोनवर वहीचा फोटो काढला.

लघुशंका. केवढा सभ्य शब्द आहे! लहानशी शंका. जणू जाऊन यायचं आहे ते व्याकरणातल्या एखाद्या संधीविषयी विचारायला. आम्ही शाळेत करंगळी वर करायचो, 'एकी' म्हणायचो. घरात शू, पाहुण्यांत 'जरा जाऊन येतो', दवाखान्यात युरिन. मूत हा खरा शब्द शिवीसाठी राखून ठेवलेला. शरीरातला दुसरा कुठलाही अवयव इतका लाजवलेला नाही. हृदयावर कविता आहेत. कलेजा तर शूरांना असतोच. किडनीबद्दल आपण फक्त ती खराब झाली की बोलतो, किंवा ती विकून फोन घेतल्याचे विनोद करतो.

आणि ती करते काय, तर बहुतेकांना वाटतं घाण बाहेर टाकते. मलाही तेच वाटत होतं. डबा हंड्यामागे होता त्या रात्री मी जरा वाचत बसलो, तेव्हा कळलं की खरी कला टाकण्यात नाही, परत घेण्यात आहे. आमच्याकडे चवथीच्या आधी आई माळा रिकामा करते. पितळेची भांडी, फुटकी समई, आजीची पाटी, १९८७ चं कालनिर्णय, सगळं अंगणात. मग एकेक वस्तू हातात घेऊन 'ही असू दे' म्हणत परत माळ्यावर. शंभरातल्या नव्व्याण्णव वस्तू परत जातात. किडनीचा हिशोब तंतोतंत तोच. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी ती रक्तातून गाळून बाहेर काढते. आमच्या विहिरीवरच्या पंधरा लिटरच्या कळशीनं म्हटलं तर बारा कळशा. रक्तातला पातळ भाग मुळात तीन लिटर, म्हणजे तेच पाणी दिवसातून साठेक वेळा अंगणात येतं. त्यासोबत मीठ येतं, साखर येते, युरिया येतो. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं तेवढी दाराआड राहतात. मग लगेच आवराआवर सुरू: साखर सगळीच्या सगळी परत, मीठ बहुतेक परत, पाणी नव्व्याण्णव टक्के परत. शेवटी उरतं ते दीड-दोन लिटर. तेवढंच आपल्याला दिसतं आणि तेवढ्याचीच लाज वाटते.

हे काम करणारे नेफ्रॉन एकेका किडनीत साधारण दहा लाख. प्रत्येकाच्या टोकाला बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. इटलीतल्या मार्चेल्लो माल्पिगीनं तो १६६६ साली पहिल्यांदा वर्णिला; तो गुंता आणि पुढची नळी एकाच माळेत आहेत हे दाखवायला १८४२ साल आणि पंचविशीतला विल्यम बोमन यावा लागला. हे नेफ्रॉन जन्माआधीच मोजून मिळतात, नंतर एकही नवा होत नाही. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे भरती बंद. रिकाम्या जागा तशाच." त्यांच्या शाळेत चार वर्ग आणि दोन मास्तर असायचे, एक रजेवर गेला की दुसऱ्यानं पहिली ते चौथी एका व्हरांड्यात बसवायची. इन्स्पेक्टर यायचा तेव्हा हजेरीपट भरलेला, फळ्यावर सुविचार लिहिलेला, सगळं ठीक. किडनीचंही असंच चालतं. निम्मं काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन मुकाट्यानं हद्दीत राहू शकतं, कारण उरलेले नेफ्रॉन जोडवर्ग सांभाळत असतात. आणि जोडवर्गानं तेही लवकर थकतात. आकडा वाढतो तेव्हा निम्मे मास्तर केव्हाच निवृत्त झालेले असतात.

पण मला खरा धक्का बसला तो दुसऱ्या एका गोष्टीचा. आमच्या घराण्याचं मिठागर होतं. आजोबांच्या हयातीत होतं. बाबा शाळेत लागले, काका मुंबईला गेले, आगर दुसऱ्याच्या हाती गेलं. अजून पुलाकडे जाताना डाव्या हाताला त्या चौकटी दिसतात, उन्हात चकाकणाऱ्या. लहानपणी मी बांधावर बसून बघायचो: खाडीचं पाणी एका वाफ्यात घेतात, तापवतात, दुसऱ्यात सोडतात, आणखी तापतं, दाट होत जातं. मार्चमध्ये अनवाणी गेलं तर तळव्याला आधी कोमट चिखल लागतो आणि मग खालून खड्यांची बारीक करकर. पावसाच्या आधी बांधावर मिठाचे ढीग आणि ढिगांवर चुडतांची छपरं. तर, किडनी उभी चिरली की बाहेरची साल आणि आतला गाभा असे दोन भाग दिसतात, आणि आतला गाभा म्हणजे चक्क मिठागर आहे. सालीत गाळलेलं पाणी एका नळीतून खाली गाभ्यात उतरतं, केसांच्या पिनेसारखं वळतं आणि वर येतं. उतरत्या अंगानं पाणी झिरपून जातं, चढतं अंग पाणी अडवतं पण मीठ बाहेर टाकत राहतं. वळणाचा हा एवढा खेळ, आणि त्यानं गाभा खाली खाली खारा होत जातो. अगदी तळाशी, मीठ आणि युरिया मिळून, रक्ताच्या चौपट दाट. ह्याला हेनलेचं वळण म्हणतात. मी त्याला आगर म्हणतो.

एवढं मीठ कशाला साठवायचं, तर पाणी ओढायला. लघवी होऊ घातलेलं पाणी सर्वांत शेवटी त्याच खाऱ्या गाभ्यातून एका नळीनं खाली येतं. मेंदूकडून 'राखून वापर'चा निरोप आला की त्या नळीच्या भिंतीतली दारं उघडतात, आणि आतलं पाणी बाहेरच्या खाऱ्याकडे आपसूक जातं. पेशींना अशी पाण्याची खास दारं असतात हे १९९२ मध्ये कळलं, आणि त्याबद्दल पीटर ॲग्री यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आजीला मात्र निम्मं आधीपासून ठाऊक होतं. ती बरणीत कैऱ्या मिठात चेपायची, वर दगड ठेवायची. आठवड्यानं बघावं तर कैऱ्या सुरकुतलेल्या आणि बरणीत आम्ही न घातलेलं पाणी. त्या सुरकुतलेल्या कैरीला आम्ही तोर म्हणतो. सकाळच्या पेजेबरोबर एक तोर, बस. हुर्राक पोटात गेली की मेंदूचा तोच निरोप अडतो, दारं बंद राहतात, आणि माणूस प्यायला त्याहून जास्त घेऊन कंपाउंडच्या भिंतीकडे धावतो. बसमधला तो गृहस्थ म्हापशात उतरल्यावर आधी कुठं गेला असेल ते मला सांगता येईल.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी बाबांचं मीठ तोडलं. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, सगळं मिळून. म्हणजे एक चमचा. खारं बंद, सुकं बंद, तोर बंद. "आगराच्या पोराला मीठ बंद," बाबा एवढंच म्हणाले. आई दुसऱ्या दिवसापासून दोन आमट्या करायला लागली. बाबा पेज पितात, रिकाम्या पेल्याकडे बघतात. मे महिन्यात एकदा कोठीच्या खोलीत बरणीचं झाकण सरकल्याचा आवाज आला. मी उठलो नाही. सकाळी आईनं विचारलं, बरणी कुणी हलवली, तर मी मांजराचं नाव सांगितलं.

खोटं बोलण्याचा मला सरावच झाला होता म्हणायचा.

त्याच सुमारास एका संध्याकाळी त्यांना मी कागदावर पुढचा प्रवास काढून दाखवला. किडनीपासून मूत्राशयापर्यंत पंचवीस-तीस सेंटिमीटरच्या दोन नळ्या. पाणी त्यातून नुसतं घरंगळत नाही. नळ्या आकसत-सैलावत ते थोडं थोडं पुढं ढकलतात, त्यामुळे माणूस आडवा असला तरी काम चालू. आणि मूत्राशयात त्या सरळ शिरत नाहीत, भिंतीतून तिरक्या जातात. मूत्राशय भरत आलं की त्याच्याच दाबानं तो तिरका तुकडा चेपला जातो आणि पाणी उलटं वर जात नाही. बाबांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली. नळीच्या टोकाशी त्यांनी दोन लाकडी फळ्या काढल्या. "मानस," म्हणाले. मानस म्हणजे इथं मन नव्हे. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधातलं दार. भरती चढली की तिच्याच रेट्यानं फळ्या मिटतात, खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्यानं उघडतात. माणूस उभा करावा लागत नाही. "पण मानस कुजली की एका रात्रीत शेत जातं," असंही ते म्हणाले, आणि पेन्सिल परत दिली.

मग कागद तसाच राहिला आणि ते शाळेचं बोलायला लागले. मला वाटलं त्यांना आठवत नसेल. मी चौथीत होतो, त्यांच्याच वर्गात. एका मुलानं करंगळी वर केली. पाढे चालू होते, बाबा म्हणाले, तास संपू दे. मूत्राशयात दोनशे-अडीचशे मिलिलिटर साठलं की भिंत ताणल्याची खबर मेंदूला जाते; चारपाचशेपर्यंत मोठ्या माणसाला रेटून नेता येतं, आठ-नऊ वर्षांच्या मुलाला त्याहून कमी. सतराचा पाढा संपायच्या आत बाकाखाली ओघळ आला. वर्ग हसला. मी पुढच्या बाकावर होतो, मीही हसलो. मास्तरांचा मुलगा म्हणून जरा जास्तच मोठ्यानं. बाबांनी त्या मुलाला विहिरीवर नेलं, आंघोळ घातली, आपला पंचा नेसवला आणि त्याच पंचात तो दुपारपर्यंत वर्गात बसला. "त्यानंतर मी कुणाला थांबवलं नाही," बाबा म्हणाले. "पोरांनी पुढं फार गैरफायदा घेतला." मी हसलो होतो ते त्यांना आठवतं की नाही, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

त्यांचे एक मित्र आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात, दरवेळी चार तास. भेटायला गेलो तर त्यांनी बाबांचा हात धरून आपल्या मनगटाच्या वर ठेवला. तिथं धमनी आणि शीर शस्त्रक्रियेनं जोडून दिलेली आहे. कातडीखाली मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. बाबा बराच वेळ हात ठेवून होते. डायलिसिसचं पहिलं चालतं यंत्र विलेम कोल्फ यांनी १९४३ साली, महायुद्ध चालू असताना, हॉलंडमध्ये सॉसेजच्या सेलोफेनी वेष्टणातून जमवलं होतं, हे मी तिथं सांगायला गेलो आणि कुणाला त्यात रस नव्हता. मित्र सांगत होते ते पाण्याबद्दल. दिवसाचं पाणी मोजून. जून लागला, कौलांवरून धारा लागल्या, आणि आपण वाटीनं प्यायचं. घरी येताना बाबांनी स्कूटर थांबवायला लावली आणि तिठ्यावर एक शहाळं घेतलं. मी म्हटलं, त्यातलं पोटॅशियम विचारायला हवं डॉक्टरांना. त्यांनी शहाळं शहाळेवाल्याला परत दिलं. पैसे घेतले नाहीत.

जुलैत डॉक्टरांनी पुन्हा चोवीस तासांची सांगितली. ह्या खेपेला सगळं सरावाचं: तोच खोका, तोच हंडा, आई काही बोलली नाही. आगर पाण्याखाली गेलं होतं, बांधही दिसत नव्हता. बसच्या काचा बंद, आत ओल्या छत्र्यांचा आणि घामाचा वास. पिशवी मीच घेणार होतो, पण बाबांनी ती आपल्या मांडीवर घेतली. शिवोलीला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई चढली, आता सत्तरीची, हातात सुरणाची पिशवी. समोरच्या बाकावर टेकली, मांडीवरच्या डब्याकडे पाहून म्हणाली, "काय मास्तर, खोबरेल काढलंत?"

मी तोंड उघडलं होतं.

"नाही गो," बाबा म्हणाले, "मूत."

कंडक्टरनं सुटे पैसे मोजायचे थांबवले.

"माझंच. चोवीस तासांचं. म्हापशाला तपासायला नेतो." मग माझ्याकडे न बघता, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा त्या आवाजात, "पहिल्या धारेचं मात्र नाही हां. पहिली धार टाकून दिली."

ती बाई आधी डब्याकडे, मग बाबांकडे बघत राहिली. मागं कुणीतरी फसकन हसलं. तिनं पदर तोंडाला लावला, काढला, आणि अगदी सरळ विचारलं, "मग किती झालं?"

बाबांनी खिशातून वही काढली, चष्मा नाकावर चढवला. "थांब हं," म्हणाले. "सहा वाजून पाच मिनिटं, विसर्जित. आठ वाजून तीस..."